खालची पुढली खोली

४ नोव्हेंबर
ह्यांना झटका येऊन वर्ष उलटून गेलं. तेव्हापासून पायाला माती नाही. जिना अरुंद, दवाखान्यात न्यायचं तर माणसं गोळा करून खुर्चीवरून उतरवायचं. आज डॉक्टर घरी आले होते. म्हणाले, "तळमजल्यावर राहा. रोज अंगणात चालवा. नाहीतर उरलंसुरलं चालणंही जाईल."
हे खिडकीतून खाली बघत होते. म्हणाले, "खालचं ऊन वेगळं असतं, नाही?"
खाली आमचे भाडेकरू. रेखा, तिचा नवरा हिंमत, त्याची म्हातारी आई. नंदुरबारकडचे. हिं. सुरतजवळ सचिन गावाला कापडाच्या मिलमध्ये, रे. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. भाडं वेळेवर, भांडण कधी नाही. त्यांना जा कसं म्हणायचं?

६ नोव्हेंबर
म्हटलं. रे. हातातली साडी तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, आम्ही वर येतो ना. तुम्ही खाली या. अदलाबदल."
क्षणभर वाटलं, सुटलं. मग दोघींचं लक्ष एकदमच दाराकडे गेलं. म्हातारी उंबऱ्याला टेकून बसलेली. डोळ्यांनी दिसत नाही, गुडघे गेलेले. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जाते तेवढंच.
ती आपल्याशीच म्हणाली, "आते कथा जावानं वं माय?" आता कुठं जायचं.
मी वर आले. चहा ठेवला नि विसरले.

९ नोव्हेंबर
मंदारचा बडोद्याहून फोन. "आई, पाणी बंद कर. दोन दिवसांत जातील."
मुलगा माझाच. तरी असं बोलतो.

१२ नोव्हेंबर
वकील दक्षाबेनकडे. आमच्या भेस्तानहून रिक्षाने. मंदारचं म्हणणं सांगितलं तर चष्मा काढून ठेवला. "बेन, नळ बंद करशो तो केस गयो." मग हिंदीत समजावलं. पाणी, लाइट तोडायचं नाही, कुलूप लावायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही. करार संपला म्हणून माणूस आपोआप निघत नाही. आधी लेखी नोटीस, मग दावा. घर स्वतःला खरोखर हवंय हे दाखवायचं. आणि मग कोर्ट बघणार, कोणाचा त्रास मोठा. तुमचा की त्यांचा.
कोणाचा त्रास मोठा. परत येताना रिक्षात तेच. बाजूला यंत्रमाग चाललेले, खट् खट् खट्, त्याच तालावर तेच तीन शब्द.

२१ नोव्हेंबर
पोस्टमन आला. वरच्यांनी खालच्यांना पाठवलेली नोटीस, पार पोस्टातून फिरून. गॅलरीत उभी होते, आत आले. रे. ने सही केलेली दिसली. वर बघितलं नाही तिने.

१५ डिसेंबर
त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. आंधळी आई, कामाची जागा, दुसरीकडे तळमजला परवडत नाही. सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही. भांडायलाही काही सापडेना.
संध्याकाळी रे. पोंक घेऊन वर. "काकांना आवडतो ना, आमच्याकडे हुरडाच म्हणतात याला." ताटली ठेवली, गेली. ह्यांनी एकेक दाणा चावत खाल्ला. डोळे मिटून. कुठल्या शेतात जाऊन आले कोण जाणे.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळं सुरत गच्च्यांवर. आम्हाला ना वर जाता येत, ना खाली. कापलेल्या पतंगाचा मांजा गॅलरीत आला, ह्यांनी बोटात धरला. सैल, नुसता वाऱ्याने हलणारा. बराच वेळ धरून होते. "सोडू नकोस हं," मला म्हणाले. मी कुठे धरला होता?

३ मार्च
दावा दाखल.

२२ जून
पहाटे स्वप्न. घर हळूच खाली बसलंय, उन्हात लोणी बसावं तसं. आमचा मजला जमिनीला टेकलेला. खालचे कुठे गेले म्हणून बघते तर तेही तिथेच. रे. साडी पसरून बसलीय, हे खड्यांच्या रंगातून अनवाणी चाललेत. कोणीच कोणाला उठवलं नव्हतं.
जाग आली तर हे विचारत होते, "पोचलो का?"

९ सप्टेंबर
कोर्टाने समेटासाठी पाठवलं. लहानशी खोली, मधे टेबल. मध्यस्थ बाई शांत. ह्यांना किती जागा लागते, विचारलं. मी म्हटलं, एक खाट, आणि अंगणाचं दार. त्यांना? हिं. म्हणाला, "आईपुरतं आणि हिच्या कामापुरतं." बाई म्हणाल्या, एका भागाने भागत असेल तर कोर्टही सगळं घर रिकामं करून देणार नाही, तेवढा भागच देईल. मग पुढली खोली यांना, मागली तुम्हाला, असं का नाही करत? दार सगळ्यांचं.
दक्षाबेनने माझ्याकडे बघितलं. मी हिंमतकडे. सव्वीस तारखेला सांगायचं.
मंदार फोनवर ओरडला, "स्वतःच्या घरात एक खोली मागून घेणार?"

१४ सप्टेंबर
रे. वर आली. "सही करण्याआधी काकांना एकदा बसवून तर बघू. जमतंय का."
हिं. ने मिलमधले दोघे आणले. खुर्ची उतरली. जिन्याच्या वळणावर हे डोळे मिटून, मी मागून, पदर तोंडावर. खाली आल्यावर हिं. ने वाकून स्वतः ह्यांच्या चपला काढल्या. पाय मातीवर. ह्यांनी अंगठा हलवला. हलवतच राहिले.
मग पुढल्या खोलीत, म्हातारीच्या, त्यांच्या मायच्या शेजारी. रे. पलीकडे खडे लावत. डिंकाचा वास, पंखा, मागांची घरघर. सगळं कसं पाण्याखालून ऐकू यावं तसं. मी गोळी आणायला वर गेले. भात लावला, कपडे उचलले. उगाच रेंगाळले. जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा घरात एकटी होते.
खाली आले तर रे. तोंडावर हात धरून हसत होती. की रडत, कळलं नाही. म्हणाली, तुमचं चालणं ऐकून काकांनी मायला विचारलं, "वर कोण राहतं?"
माय म्हणाली, "घरमालक राहतस."
तर हे म्हणाले, "माणसं कशी आहेत?"
मायने काय सांगितलं ते रे. बोलली नाही. मी विचारलं नाही. हे भिंतीला टेकून झोपले होते, आणि म्हातारी हाताने चाचपत त्यांच्या पायांवर चादर ओढत होती.