शिक्षा झालेल्या बाईचा व्हिसा

सारंगखेडा, ता. शहादा
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रमिला,

नमस्कार. तू, सून, नातवंडं सगळी बरी असाल. इकडे केळी कापायला आली आहे, माझे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

आता खरी बातमी. माझा व्हिसा आला! मी न्यूझीलंडला निघाले! भाविकाला सातवा लागलाय, तिच्या बाळंतपणाला जाते. कालपासून मी घरात चालत नाही, पळते. डिंकाचे लाडू नेऊ देतात का, विमानात मांडी घालून बसता येतं का, ज्याला त्याला विचारत सुटले आहे.

पण व्हिसा सहज नाही मिळाला. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: तुम्हाला कधी कोर्टात शिक्षा झाली आहे का?

शहाद्याला जगदीश म्हणून आहे, तो फॉर्म भरून देतो. मी म्हटलं, "झाली आहे." त्याचे हात तिथेच थांबले. "मावशी, तुम्हाले?" मग हळूच म्हणाला, "नाही लिखी टाकू. इतलं जुनं कोण देखस?"

भाविकाचे बाबाही म्हणाले, "नाहीच लिख."

भीती मलाही वाटली गं. हो लिहिलं आणि नकार आला, तर पोरगी परक्या देशात एकटी बाळंत होणार. तरी तोंडून 'नाही' निघेना. दारूचा अड्डा आपण फोडला, पिंपं गटारात ओतली, सगळ्या गावाने पाहिलं. मी म्हटलं, "खरं शे तेच लिख."

मग फॉर्मात लिहायला काय घडलं ते जगदीशला सविस्तर सांगावं लागलं. हे शेजारीच बसलेले. आमच्या घरात या विषयाला इतकी वर्षं बंदी होती, पण तिथे ऐकण्यावाचून इलाज नव्हता. मी सांगितलं, बाकीच्या बायकांनी माफी मागितली आणि सुटल्या. रमिलाही सुटली असती. पण मी माफी मागत नाही हे पाहिल्यावर ती जज्जसाहेबांना म्हणाली, "तिले एकटीले नका बसाडू, मी बी बसस." दोघींना दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. बाकावर तू घोरायला लागलीस म्हणून शिपाई ओरडला होता, आठवतं?

मला सांगताना हसू आलं. यांना नाही आलं. "तिनीच तुले नादी लावं, असं मन्हा मनमा व्हतं," एवढंच बोलले. एसटीत सारा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी निकालाची नक्कल काढायला कोर्टात स्वतः गेले. मी म्हटलंही नव्हतं.

भाविकाला फोनवर भीत भीतच सांगितलं. ती किंचाळलीच, "आई, तू अड्डा फोडलास? आणि मला आत्ता सांगतेस?" जावयांना हाका मारून मारून सांगत होती!

रमिला, एवढं लिहिलं, पण जे लिहायचं ते राहतंच आहे. कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी तू आमच्याकडे आलीस. यांनी तुला ओट्यावरूनच परत पाठवलं, पुन्हा या घरात पाय ठेवू नको म्हणाले. मी खिडकीतून तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग तू खापरला लेकाकडे गेलीस आणि तुझा आवाजही कधी कानावर आला नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. भाविकाचे बाबाच घेऊन येताहेत. मी पाठवलं नाही, सकाळी चहा पिता पिता स्वतःच म्हणाले, "खापरले जाई येस." तोंडाने त्यांना काही बोलता येईल असं मला वाटत नाही. पत्र देतील आणि तू वाचशील तोवर दाराबाहेर उभे राहतील. त्यांना आत घ्यायचं की तिथूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. मी एका शब्दाने विचारणार नाही.

पण पुढच्या सोमवारी मी निघते. त्याआधी तू आलीस, तर लाडू दोघी मिळून वळू.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
शांती