दूध बंद करत नाही

बाबा,

तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा अकोल्याहून कुलदीपचा फोन आला. बाळ अजून दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतच आहे आणि रात्रीपासून तिचं पोट फुगलं आहे. डॉक्टरांनी तोंडाने काहीच द्यायचं नाही म्हणून सांगितलं. "दूध नको पाठवू, तूच ये," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी साडेनऊच्या बसने निघते आहे.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, काल माझं दूध तिच्यापर्यंत गेलंच नाही. पाठवायच्या दोन्ही पिशव्या आत्यांनी जास्वंदीच्या मुळाशी ओतल्या, पायदळी येऊ नये म्हणून. "रडत्या बाईचं दूध लेकराले बाधते माय, बंद कर आता," म्हणाल्या. आई गेल्यापासून दूध कमी झालं होतं, त्यामुळे मलाही ते पटत चाललं होतं. तिकडे तिला पावडरचं दूध दिलं. त्यानेच हे झालं का, ते डॉक्टर सांगत नाहीत. आत्यांना यातलं काही कळू देऊ नका.

दूध मी बंद करत नाही. ती पीत नसली तरी दर तीन तासांनी काढत राहीन. आटलं, तर चार दिवसांनी तिला लागेल तेव्हा माझ्याकडे काही नसेल. फ्रीजरमधल्या चार पिशव्यांना कुणाला हात लावू देऊ नका.

उद्या आईच्या दहाव्याला माझ्यासाठी थांबू नका. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही, तर नातीला जपू एवढं म्हणा. तरीही नाही शिवला, तर मला फोन करू नका.

वर्षाली