तिने ओठ पुसले तेव्हा

प्रिय बयो,

अनेक आशीर्वाद. पार्सल गेल्या आठवड्यात सुखरूप मिळालं. चष्मा एक, त्याचं घर, काच पुसायचं पिवळं फडकं आणि बाबांना लोकरीचे पायमोजे. टपालालाच बरेच पडले, तिकिटांवरून दिसतंय. चष्म्यावरची किमतीची चिठ्ठी तू नखाने खरवडलीस, तरी आकडा मला वाचता आलाच. तेवढ्यात आपलं महिन्याचं दूध होतं गं! बाबा पायमोजे घालून दिवसभर मिरवले. "लेकीने पाठवलेत, आता पाय जमिनीवर ठेवू कसे?" म्हणाले. पत्र मात्र नव्हतं. खोका मी दोनदा उलटा करून झटकला.

नंबर अगदी बरोबर लागलाय. तो तुला कळला कसा, याचं कोडं पडलं होतं. मग आठवलं, तुम्ही दोघी आला होतात तेव्हा तुझ्या मैत्रिणीने पुसला होता. भाजी निवडायला माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, डोळे असे बारीक का करता? नंबर किती तुमचा?" मी म्हटलं, "सुईत दोरा जातोय तोवर चालायचं." तिने ऐकलं नाही. जुन्या चष्म्याच्या घरातला कागद काढून वाचला.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर तो सिनेमा लागला. शिवणाच्या कारखान्यातल्या दोघी. धाकटी थोरलीच्या ओठांवर ओठ टेकते. थोरली उलट्या हाताने तोंड पुसते आणि पुन्हा मशीनवर बसते. लगेच मीच म्हणाले, "बघा, पुसून टाकलं. किळस आली बिचारीला." तू म्हणालीस, "आई, किळस नाही ती. नीट बघ." मी म्हटलं, "दिसतं हो मला." "मग चष्मा बदल," म्हणालीस. बाबा हसले. तुझी मैत्रीण हसली नाही. कपबशा उचलून आत गेली आणि कोरडी ठणठणीत बशी पुसत उभी राहिली. आठवडाभर राहायला आलेल्या तुम्ही, दुसऱ्या सकाळीच निघालात.

परवा दुपारी तो सिनेमा पुन्हा लागला. बाबा झोपले होते. आवाज बंद केला, तू पाठवलेला चष्मा लावला आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसले. थोरली तोंड पुसते, हे खरं. पण पुसून झालं तरी हात खाली येत नाही, ओठांवरच राहतो. आणि नजर जाते दाराकडे. बयो, किळस आलेलं माणूस मोरीकडे धावतं. दाराकडे बघतं ते भ्यालेलं. सिनेमात दारात कुणीच नव्हतं. आपल्या घरात दाराशी मी बसले होते.

आता लपवत नाही. मी सिनेमातल्या त्या बाईबद्दल बोललेच नव्हते. तिला ठसका लागला की तुझा हात आधी पाण्याच्या भांड्याकडे जातो, हे मी पहिल्याच जेवणाला पाहिलं होतं. तू काही सांगशील या धास्तीने मी आधीच उत्तर देऊन मोकळी झाले. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे तर एका बोलात दोघींना लागलं. जिने माझ्या डोळ्यांची काळजी केली, तिच्यासमोर मी 'किळस' म्हणाले. देवापुढे बसते, पण मान वर करवत नाही.

आपल्याकडे पुसणं दोन तऱ्हेचं असतं, एक फडक्याने, एक तोंडाने. मी जन्मभर फडक्याचंच केलं. आज तोंडाने पुसते: ती तुझी कोण? जे असेल ते लिही. बाबांना मी सांगेन, ते ओझं तुला नको. आणि पुन्हा या, दोघीही. दाराशी मीच बसेन, पण तोंड बाहेर करून. येशील का, आणि ती येईल का, तिलाही पुसून उलट टपाली कळव. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलंय.

तुझीच,
आई