तिसऱ्या ट्रॅकवरचं लग्नाचं गाणं

अंकुश,

तुझ्या आईला घेऊन पालघरला दवाखान्यात जातेय. घशाचं ऑपरेशन उद्या असलं तरी आजच भरती व्हायला सांगितलंय. नंतर आवाज कसा राहील, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. भात-कालवण झाकून ठेवलंय. कंपनीतून आलास की जेव आणि तिची शाल घेऊन ये.

तुझ्या रेकॉर्डरला मी हात लावला, आधीच सांगते. आठवडाभर तू तिला हेडफोन घालून कीबोर्डवर एकटीला गायला लावत होतास आणि ती गप्प बसली की चिडत होतास. अरे, लग्नाचं गाणं कोणी एकटीने म्हणतं का? एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. काल चुलीपाशी मला म्हणाली, "माझी ओळ कोन घेल? त्या डब्याला काय येतं?"

आज तू गेल्यावर आम्ही तांदूळ निवडायला बसलो. मी तिसरा ट्रॅक चालू केला, माईक सुपाशेजारी ठेवला आणि तिची ओळ घेतली. अख्खं गाणं म्हणाली. मध्ये खोकलीय, कोंबडीही ओरडलीय, ते राहू दे. तुझा कीबोर्ड पहिल्या दोन ट्रॅकवर तसाच आहे.

रेकॉर्डिंग चालू केलंस की तू मला बाहेर ओट्यावर बसायला पाठवतोस. पण आज माईक एकच होता. मला पुसायला गेलास तर तीपण पुसली जाईल.

भावना