कॉर्पसचे नऊ लाख

६ एप्रिल, रविवार

फुकट सेमिनारचा खरा खर्च: लालबाग ते दादर टॅक्सी, जाऊन-येऊन तीनशे. शर्टाची इस्त्री दहा. ऐन सीझनच्या रविवारी मसाला कुटायचे डंक अर्धा दिवस बंद, म्हणजे साडेतीन हजार गेले. कोर्सचं आगाऊ बुकिंग दोन हजार, परत न मिळणारे. चहा मात्र खरंच फुकट.

मेहुणा दिनू घेऊन गेला. एसी हॉल, स्टेजवर जॅकेटवाला पोरगा. त्याला सगळं माहीत. सोमवारी शेअर बाजार कुठे जाणार, गुरुवारी कुठे. ‘ऑप्शन’ म्हणे. थोडे टाका, पुष्कळ उचला. बाजूच्या बाईंनी विचारलं, “आणि पडलं तर?” तो नुसता हसला. टाळ्या त्यालाच.

परतताना दिनू: “भावोजी, नऊचे अठरा, दिवाळीच्या आत. मग टॉवरात कशाला, टॉवरच्या गच्चीवर राहा.”

नऊ म्हणजे कॉर्पस. करी रोडची आमची चाळ पाडून बिल्डरने टॉवर बांधला, तेव्हा ठरल्याप्रमाणे खोलीमागे दिलेले. त्यातून नव्या घराचा मेंटेनन्स भरायचा. चावी दिवाळीला. पैसे मात्र आत्ताच बँकेत आलेत, आणि सगळ्या नातेवाइकांना अचानक माझी तब्येत विचारावीशी वाटतेय.

९ एप्रिल

डंकावर गर्दी. बायका आपल्या मसाल्याजवळून हलत नाहीत. दुसरीची मिरची आपल्यात मिसळेल ही भीती. मसाला कुटून होईस्तोवर अख्खं लालबागही कुटून होतं. डंक धडधडतो, त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. पण तीस वर्षं त्या आवाजाच्या खालून ऐकतोय. कुठला डंक भरलेला, कुठला रिकामा आदळतोय, कुणाची सून माहेरी गेलीय.

आज: समोरच्या टॉवरातले परब बदलापूरला गेले. एक म्हणाली, “भाडं चांगलं येत असेल.” दुसरी: “कसला भाडा गो! खोली इकल्यानी. झिलान कॉर्पस मोबायलार शेअरात उडवल्यान. म्हयन्याचे आठ हजार खयसून भरतले?”

परबांचा मुलगा चांगल्या नोकरीत होता. माझ्याहून हुशार.

दिनूला सांगितलेलं सोमवारपर्यंत कळवतो म्हणून.

१० एप्रिल

जेवताना शलाकाला सांगितलं. सूनबाई गिरगावची. तिच्याकडे तीन पिढ्या कारकून. पावशेर चहा घेतला तरी पुडीचं वजन वजा करून भाव काढणारी माणसं. लग्नात ह्यावरून मी भरपूर चेष्टा केलेली.

“पैसे भरलेत का, बाबा?”

“दोन हजार फक्त.”

“ती फी समजा. नऊ लाख बुडाले तर मेंटेनन्स कशातून?”

“दुकानातून.”

“दुकान किती वर्षं?” विचारताना माझ्या गुडघ्याकडे बघत होती.

बायको, सुनंदा, म्हणाली, “माका विचारश्यात तर सगळे बँकेतच ठेवा.”

“काही वर्षं पुरतील, आई. पण मेंटेनन्स दरवर्षी वाढणार, व्याज वाढेलच असं नाही.”

मग मोबाइलवर स्वतःचं दाखवलं. पहिल्या पगारापासून इंडेक्स फंड, दर महिन्याला. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या, ज्याच्या त्याच्या आकाराप्रमाणे सगळ्यांत थोडे थोडे. निवडायला कोणी साहेब बसलेला नाही, म्हणून खर्चही नावाला.

मी: “ह्यातली कोण वर जाणार?”

“माहीत नाही.”

“पुढल्या वर्षी बाजार?”

“माहीत नाही.”

“निदान तोटा तर नाही ना?”

“तेही नाही सांगता येत. म्हणून जे लवकर लागणारेत, ते इथे टाकायचेच नाहीत.”

परळच्या ऑफिसात दिवसभर आकडे बघणारी पोर, आणि सासऱ्यासमोर बेधडक माहीत नाही म्हणते. धंद्यात मी हेच शिकलो. जो मिरचीवाला म्हणतो “पुढच्या महिन्याचं सांगू शकत नाही, शेठ”, त्याचाच माल घ्यावा.

१३ एप्रिल, रविवार

दिनू आला. मटण-वडे होते, वास पोचला असणार.

इंडेक्सचं ऐकून हसला. “म्हणजे सरासरी! भावोजी, दहा बाय दहाच्या खोलीतून उठून तीन डंक टाकलेत तुम्ही. तुम्ही सरासरी माणूस काय?”

बरोबर मर्मावर. छाती आपोआप पुढे आली. मग माझ्या औषध कंपनीच्या शेअरची गोष्ट काढली. तेरा सालच्या मे महिन्यात, कुणाला न विचारता, नुसतं एका कंपाउंडरचं बोलणं कानावर पडलं म्हणून पन्नास हजार लावले. गेल्या वर्षी दुप्पट करून विकला. एक रुपया कमी नाही.

“बघा! नजर आहे तुमच्याकडे,” दिनू म्हणाला.

शलाका वडे वाढत होती. सुनंदाने पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

दिनूकडून अजून आठवडा मागून घेतला.

१६ एप्रिल

एक नवी नवरी पाच किलो नुसती लवंगी मिरची घेऊन आली. स्वस्त मिळाली म्हणे. म्हटलं, बाय, रंगाला बेडगी घाल, थोडी काश्मिरी घाल, नाहीतर वर्षभर नवरा बाहेर जेवेल. लाजली, पण परत जाऊन घेऊन आली.

घरी ऐटीत सांगितलं, “शलाका, कळलं मला. तुझा इंडेक्स म्हणजे मालवणी मसाला. सगळं थोडं थोडं.”

“नाही बाबा. मसाल्यात तुम्ही निवडता. इथे न निवडणं हाच मुद्दा.”

“न निवडता कसं?”

“मिरचीचा देठ मोडून तुम्हाला कळतं. कंपनीचा देठ कुठून मोडणार?”

जन्म निवडण्यात गेला. देठ कटकन मोडला तर सुकी, नाहीतर ओल आहे. ह्या कानांवर तीन डंक उभे केले. पण कंपाउंडरची बडबड म्हणजे देठ नव्हे. आपले कान डंकापुरते. हे गळी उतरायला दोन कप चहा लागला.

१९ एप्रिल

दिनूला नाही म्हटलं. “सुनेच्या ताटाखालचं मांजर झालात,” म्हणाला. म्हटलं, ताट चांगलं असेल तर मांजराचं काय बिघडतं?

२५ एप्रिल

ठरलं तसं केलं. नवा मेंटेनन्स महिन्याला सात हजार धरला. चार वर्षांपुरते एफडीत. वर पन्नासेक हजार अडीनडीला. उरलेले इंडेक्स फंडात, पण एकदम नाही, महिन्याला तीस हजार.

बँकेतली मुलगी एफडीऐवजी विम्याची पॉलिसी गळ्यात मारत होती. मी तर सही करायला खिशातून चष्माही काढलेला. शलाका: “ताई, फक्त एफडी.” परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, आवाज तसूभर न चढवता. मी असतो तर भांडलो असतो, नाहीतर पॉलिसी घेतली असती.

फंड घेताना शेवटची हुशारी केली. “एकच कशाला? चार वेगवेगळ्या कंपन्यांचे इंडेक्स फंड घेऊ. जास्त सुरक्षित.”

“चारांतही त्याच पन्नास कंपन्या असतील, बाबा.”

एकाच फॉर्मवर सही केली.

१८ जून

दिनू पेढे घेऊन आला. ऑप्शनमध्ये दीड महिन्यात लाखभर कमावले. हातात नवा मोबाइल, तोच सारखा टेबलावर ठेवत होता. “सरासरी काय म्हणते, भावोजी?”

सरासरी: भरले साठ हजार, दिसतात सत्तावन्न.

तो गेल्यावर शलाकाला म्हटलं, हप्ता थांबवूया जरा.

“मिरचीचा भाव उतरला की तुम्ही काय करता?”

“दोन पोती जास्त घेतो.”

ती भांडी विसळत राहिली. मग लक्षात आलं, माझे तीन हजार कमी झाले तर हिचे किती झाले असतील. सात वर्षांचे आहेत. आणि चेहरा तोच. तेच पाणी, तोच कप. हे धैर्य की सवय? दोन्ही असेल. मला साठीला जमत नाही, हिला तिशीच्या आत जमलंय.

हप्ता चालू ठेवला. पेढे चांगले होते.

२० जुलै, रविवार

भरले नव्वद, दिसतात सत्त्याऐंशी. दिवाळीला चावी. पुढे काय, माहीत नाही. (हल्ली हे लिहायला लाज वाटत नाही.)

दिनूचा तीन आठवडे फोन नाही. त्याच्या बायकोने काल सुनंदाला विचारलं, भावोजी दुकानावर किती वाजेपर्यंत असतात. ऑप्शन उलटला असणार; उद्या आपणच त्याच्याकडे जाऊन यावं.

दुपारी गिरगावचे व्याही आले. शलाकाचं त्यांच्यासमोर मनापासून कौतुक केलं. म्हटलं, तुमच्या पुडीच्या वजनाला हसलो, माफी असावी. ते खूश. एवढ्यावर थांबायचं, तर मी फ्रीजमधून त्यांना पाणी दिलं आणि बसल्या बसल्या औषध कंपनीचा शेअर काढला. पन्नासचे लाख, फक्त कानांवर.

व्याही बोटांवर मोजायला लागले. “घेतलात कधी?”

“तेराच्या मेमध्ये.”

“म्हणजे अकरा वर्षं लागली.”

सुनंदा कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याच महिन्यात मी पोस्टात टाकलेले. भिशीचे पन्नास हजार.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, दुप्पट झाले. तुमच्याआधी दोन वर्षं. शलाकाचं मंगळसूत्र त्यातूनच केलं, आणि हा फ्रीज.”