ढिल्या हँडलचा बंदोबस्त

११ फेब्रुवारी, रविवार
ही डायरी एक जानेवारीला सुरू करायची होती. दोनला पेन सापडेना. तीनला सापडलं, पण मूड नव्हता. मग नोकरी सुटली (बेकरी, अकरा दिवस, पाव चौकोनीच का, यावर मालकाशी मतभेद). मग गाव सुटलं. मग डायरीवर चहाचा कप ठेवायची सवय लागली. आज कप उचलला. मुखपृष्ठावर गोल डाग आहे. शिक्का समजायचा.

सध्या मुक्काम मावशीकडे. मावशीची मुलगी, म्हणजे आमची ताई, रायफल शूटर आहे. मागच्या वर्षी एका गुणाने टीममधून हुकली. तेव्हापासून या घरात कुणी 'एकच' हा शब्द मोठ्याने उच्चारत नाही. पंचवीसला, रविवारी, पुन्हा निवड आहे.

रेंजवर रायफली साफ करणारे उस्ताद लेकीकडे गेलेत, नातू झालाय. महिनाभर जागा रिकामी. ताईने माझं नाव सुचवलं. मावशी म्हणाली, अगं, याला स्वतःचे कान साफ करता येत नाहीत. दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना सुरुवातीला असंच ऐकून घ्यावं लागतं.

संकल्प: रोज लिहिणे. पहाटे उठणे. महिन्याभरात या विषयात उस्तादांनी मला विचारावं अशी वेळ आणणे.

१२ फेब्रुवारी
ताईने उस्तादांच्या कपाटासमोर उभं करून धडा दिला. नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात, गोळी त्यातून गिरकी घेत जाते. आट्यांना ओरखडा गेला की गोळी बिथरते. गोळ्यांनी रायफली बिघडत नाहीत तेवढ्या साफ करणाऱ्यांनी बिघडतात, असं उस्ताद म्हणतात म्हणे. हे सांगताना ती माझ्याकडे का रोखून बघत होती, कळलं नाही.

कपाटात दोन रॉड. पहिला अॅल्युमिनियमचा, तीन तुकडे एकमेकांत पिळून जोडायचे. छोट्या पिशवीत मावतो. बघताक्षणी आवडला. फिरस्त्या माणसाचा रॉड. ताई म्हणाली, त्याला हात लावलास तर हात शाबूत राहणार नाही. जोडांच्या कडा आतून खरवडतात, आणि मऊ धातूत बारीक कच रुतून बसते, मग रॉडचीच कानस होते. मग ठेवलाय कशाला, असं विचारलं. उस्ताद त्याने पंख्यावरची जळमटं काढतात.

दुसरा पोलादी, एकसंध, वर प्लास्टिकचं आवरण. खिळ्याला टांगलेला. वापरायचा तो हाच, आणि घालायचा मागून, जिथून गोळी भरतात. तोंडाकडून कधीच नाही. गोळी बाहेर पडताना तोंडाची कड तिला शेवटची शिवते. तिथे टवका उडाला की गोळी भलत्याच घरी पाहुणी.

हँडलबद्दलही काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात पत्र्यावर दोन कबुतरांची जुंपली. एक लंगडं होतं. तेच जिंकलं. शिकण्यासारखं आहे.

१३ फेब्रुवारी
उशिरा उठलो, पण ठरवून. चार तास मोबाईलवर रॉडचा अभ्यास. साफसफाईच्या रॉडवरून मासे पकडायच्या रॉडवर गेलो, तिथून बोटींवर. बोट नऊ महिन्यांत बांधून होते. विचार करण्यासारखं आहे.

१५ फेब्रुवारी, दुपार
शोध लागला. चांगल्या रॉडचं हँडल ढिलं आहे. हँडल धरून ठेवावं तर पुढे रॉड आपला गरागरा फिरतो. आत बेअरिंगसुद्धा दिसतं, म्हणजे झीज किती खोल गेली असेल बघा. इतकी वर्षं उस्तादांनी हे चालवून घेतलं. वय झालं की माणूस सवयीचा गुलाम होतो. ताईला सांगणार नाही. परीक्षेच्या तोंडावर तिच्या डोक्याला ताप नको.

१८ फेब्रुवारी, रविवार
केलं. मावशीने फुटक्या बादलीसाठी दोन ट्यूबचा डिंक आणला होता, एकीतला दुसरीत कालवायचा. तो हँडलच्या फटीत भरला आणि रॉड रात्रभर सरळ टांगला. सकाळी बघतो तर खडक. हलत नाही, डुलत नाही. बादली अजून गळते. मावशी विचारत होती डिंक कुठे गेला. म्हटलं, चांगल्या कामी लागला.

उस्तादांना व्हॉइस मेसेज पाठवला. एक मिनिट चाळीस सेकंद. तुमच्या रॉडचं लुळं हँडल कायमचं घट्ट केलंय, तुम्ही निवांत नातू खेळवा, परत यायची अजिबात घाई करू नका, असं आदबीने बोललो. अजून ऐकलेला दिसत नाही. लेकीच्या घरी बाळाच्या रडण्यापुढे फोनचं काय ऐकू येणार.

१९ फेब्रुवारी
चिंधी लावून ताईची रायफल साफ केली. मस्त. ताईने दहा गोळ्या मारल्या, सगळी भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकतील इतकी जवळ. बरं केलंस रे, म्हणाली. ताई सहसा इतकं बोलत नाही. रॉड घट्ट, आट्यांवर हुकूमत घट्ट. हे तत्त्व लिहून ठेवायला हवं. ठेवलं.

२० फेब्रुवारी
माऊथ ऑर्गन सापडला. मावशीच्या ट्रंकेत. बाकी काही नाही.

२२ फेब्रुवारी, दुपार
ताई म्हणाली, शेवटची सफाई आज. ब्रश दोनदाच फिरव, मग चिंधी, मग लांब जाऊन हात जोडून उभा राहा.

दोनदा म्हणजे अगदीच परक्यासारखं वाटतं. सख्ख्या मावशीची मुलगी आहे. वीसदा करायचं ठरवलं. कपाटात एक नंबर मोठा ब्रशही होता. जास्त तारा, जास्त सफाई, साधा हिशोब. आत जाईना. दोन्ही हातांनी जोर लावला. निम्म्या वाटेवर रॉडला हाताशी पीळ बसल्यासारखं झालं, आत कर्र झालं, आणि मग एकदम हलकं. ओढून बघितला.

रॉड बाहेर. ब्रश आत.

मी शांत आहे.

२२ फेब्रुवारी, त्यानंतर अर्ध्या तासाने
शांत असण्याचा फायदा म्हणजे विचार सुचतात. ब्रश रॉडच्या टोकाला पिळून बसवलेला असतो. आट्यांनी त्याला वळवलं, रॉड वळला नाही, ब्रश सुटला. रॉड वळायला हवा होता का? हँडल तर घट्ट होतं. मग चूक आट्यांचीच.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
ताईने विचारलं, झाली का साफ? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. पुन्हा विचारलं नाही तिने. विश्वास फार मोठी गोष्ट आहे.

मागून ढकलून पाहिलं, ब्रश जागचा हलेना. आता पुढून. तोंडाकडून कधीच नाही असा नियम आहे, मान्य. पण तो नियम सफाईचा. ही सुटका आहे. विषय वेगळा. आणि सुटकेला सुटसुटीत हत्यार लागतं, म्हणून पिशवीतला अॅल्युमिनियमचा काढला. (पहिल्या दिवशीच मला तो आवडला होता. मन कधी खोटं सांगत नाही.) बुटाच्या टाचेने हलके ठोके दिले. पहिला, दुसरा. तिसऱ्याला जोड तुटला. वीतभर तुकडा आत गेला आणि तिथेच रमला.

नळीच्या तोंडाशी एक बारीक खूण उमटली आहे. चमकते. आधी नव्हती.

२४ फेब्रुवारी, शनिवार
परिस्थितीचा आढावा. आत ब्रश, त्याच्या पुढे अॅल्युमिनियम. म्हणजे नळी आतून पक्की बंद. धूळ जाण्याचा प्रश्नच मिटला. या रायफलची नळी इतकी सुरक्षित यापूर्वी कधीच नसेल. बोल्ट, म्हणजे गोळीमागे नळी बंद करणारा दांडा, काढून खिशात ठेवला आहे, चुकून कुणी गोळी भरायला नको. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

उस्तादांनी मेसेज ऐकला. माईकचं चिन्ह निळं झालंय. उत्तर नाही. भारावले असणार.

ताईला चहाच्या वेळी सांगायचं ठरवलं. चहा फार गरम होता. मग जेवताना सांगू म्हटलं. पानावर बसल्यावर ताई मावशीला म्हणाली, आई, गेल्या वेळी आदल्या दिवशी हात कापत होते माझे, यंदा नाही कापत. मावशी म्हणाली, कशामुळे गं? ताई म्हणाली, रायफल घरच्या माणसाच्या हातात आहे.

मला जेवण गेलं नाही. बहुतेक ऊन लागलंय.

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ ६.५०
पहाटे उठलो. संकल्प क्रमांक दोन पुरा. (झोपलो नव्हतो, पण उठलो हे खरं.) रेंजवर एकटाच आहे. निवड दहाला. रायफल टेबलावर. अॅल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यांनी पंख्यावरची जळमटं काढली. या कामाला रॉड खरंच उत्तम आहे.

बॅग भरून आणली आहे, सहज. आठ पाचला बस आहे. बोटी बांधायच्या गावाला जाते, हा निव्वळ योगायोग.

ताईसाठी चिठ्ठी. पहिला खर्डा: 'प्रिय ताई, नळीला विश्रांतीची गरज आहे.' फाडला. दुसरा: 'प्रिय ताई, एका गुणापेक्षा माणूस मोठा.' हाही फाडला. तिसरा: 'ताई, ब्रश आत अडकलाय, त्याच्यापुढे रॉडचा तुकडा, आणि हे मी केलंय.' हा फारच रुक्ष झालाय. सगळ्यात लहानही आहे. तरी फाडवत नाही.

७.२०
फाटक वाजलं. ताई नऊला येणार होती.

ताई नाही. उस्ताद आलेत. थेट गाडीतून उतरून असणार, कारण खांद्यावर बाळाचं दुपटं तसंच राहिलंय आणि त्यावर दूध सांडलेलं आहे. काखेत फडक्यात गुंडाळलेला दुसरा रॉड, बाहेर डोकावणारं हँडल याचंही ढिलंच. हँडलबद्दल शाबासकी द्यायला एवढ्या लांबून आले. मी उठून हसलो. ते माझ्याकडे न बघता सरळ टेबलाशी गेले. नळीला मागून डोळा लावला. मग पुढून. तोंडाच्या चमकत्या खुणेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. माझी बॅग पायाने बाजूला सारली. चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली. घड्याळ पाहिलं.

आता म्हणतायत, लिहिणं पुरे, बोल्ट दे, तेलाची बाटली आण, आणि हात चालवता चालवता पहिल्या दिवसापासून काय काय केलंस ते ओळीने सांग. काही गाळायचं नाही.

ओळीने म्हणजे कबुतरांपासून सुरू करावं लागेल.