बारमागे उभा राहणारा माणूस

२ जून
आजपासून जिम, शिवाय डाएट. ही लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, तोवर शरीर कमवून टाकायचं. नात आता चालायला लागली, म्हणजे ही येईलच. तशी मला घाई नाही. घर कसं शांत आहे.

३ जून
ट्रेनरने नियम सांगितला. दहा वेळा उचलायचं, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहाव्यालाच अंग वाकडं झालं तर वजन जास्त आहे समजा. आणि जेवण कमी केलंय तोवर वजन वाढवायची घाई नको, काका. काका! पाच-पाच किलोचे डंबेल्स हातात देऊन निघून गेला. आपलं आपणच मोजत बसलो.

५ जून, सकाळी
निरीक्षण. बाकावर आडवं पडून जो जड बार उचलतो, त्याच्या मागे ट्रेनर जातीने उभा राहतो. बारखाली हात धरतो, मोठ्याने मोजतो, शाब्बास म्हणतो. पाच किलोवाल्याला काळं कुत्रं विचारत नाही.
माझी ताकद वाया जातेय, हे उघड आहे.

६ जून
बार. तीस किलो. सात वेळा, पैकी चार बहुधा ट्रेनरनेच. पण 'शाब्बास काका' म्हणाला. याआधी मला शाब्बास कुणी म्हटलं होतं, आठवेना.

९ जून
चाळीस. ट्रेनर म्हणाला, झेपत नाहीये, उतरवा. या वयातली माणसं पुढे गेली की तरुणांचा जळफळाट होतोच. संध्याकाळी लेकीला व्हिडिओ कॉल करून दंड दाखवला. ही मागून म्हणाली, वाळलात की हो, जेवता ना? म्हटलं, डाएट! एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, पण त्यालाही डाएट म्हणता येतं. कधी येणार, ते विचारायचं राहिलं.

१२ जून
पंचेचाळीस. पोटात फक्त काळा चहा. तिसऱ्यांदा बार खाली आला तो छातीवरच बसला. ट्रेनरने उचलला, मला उठवलं, केळं खायला लावलं. भयंकर चिडला होता. घरी फोन लावतो, कुणीतरी न्यायला येईल, म्हणाला. मी रुबाबात घरच्या लँडलाइनचा नंबर सांगितला. तो फोन कानाला लावून उभा राहिला, मीही वाट बघत बसलो. बराच वेळ वाजला. कुणी घेत नाही काका, म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: घरी फोन घेणारा मीच, आणि मी तर इथे. इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

१३ जून
ट्रेनरचा हुकूम: पोटभर जेवा, महिनाभर पाचच किलो. त्यासाठी इथे यायला नको, घरीच करा. डंबेल्सची जोडी विकत आणली. बाहेरच्या खोलीत दहा वेळा उचलले. शेवटचे दोन जड गेले, म्हणजे वजन बरोबर आहे. मोठ्याने मोजून पाहिलं, आवाज फारच मोठा वाटला.
हिला फोन केला. 'परत ये' म्हणायचं होतं. डंबेल्स कुठे ठेवू, असं विचारलं.
ठेवा की कुठेही, ही म्हणाली, घरात आहे कोण अडखळायला!